फ्रेंच घरातला उन्हाळा

जूनच्या अखेरीस फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेस्त शहरात सूर्य मावळतो तो रात्री सव्वादहानंतर. त्याच दिवशी मुंबईत सूर्यास्त साडेसातच्या आत झालेला असतो. त्यामुळे विद्यार्थी-विनिमयाच्या कार्यक्रमातून उन्हाळ्यात एखाद्या फ्रेंच कुटुंबात राहायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलीला व्याकरणाच्या आधी घड्याळ छळतं. आठ वाजून गेलेले असतात, पोटात कावळे ओरडत असतात, बाहेर लख्ख ऊन असतं, घरातल्या बाई निवांतपणे झाडांना पाणी घालत असतात आणि जेवणाचं कुणी नावही काढत नाही.

याचा अर्धा उलगडा भूगोलात आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, तर पॅरिस जवळजवळ ४९ अंशांवर. वर्षातला सर्वांत मोठा दिवस मुंबईत सव्वातेरा तासांचा असतो, पॅरिसमध्ये सोळा तासांहून मोठा. उरलेला अर्धा उलगडा इतिहासात सापडतो. रेखांश पाहिला तर फ्रान्सचं घड्याळ ब्रिटनबरोबर चालायला हवं आणि १९४० पर्यंत ते तसंच चालत होतं. त्या वर्षी जर्मन फौजा आल्या आणि त्यांनी व्याप्त प्रदेशात बर्लिनची वेळ लागू केली. युद्ध संपलं, फौजा गेल्या, घड्याळ मात्र तिथेच राहिलं. पुढे १९७३च्या तेलसंकटानंतर वीज वाचवायची म्हणून १९७६ पासून उन्हाळ्यात काटे आणखी एक तास पुढे सरकवले जाऊ लागले. परिणामी जुलैमध्ये ब्रेस्तचा सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो दुपारी दोन वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. यजमान बाईंचा निवांतपणा हा त्यांचा स्वभाव असेलही, पण त्यात एका युद्धाचा आणि एका तेलटंचाईचाही वाटा आहे.

परक्या घरात मुक्कामाला गेलेल्या विद्यार्थ्याला असे अनुभव पदोपदी येतात. ‘हे लोक असेच’ म्हणून जे सोडून द्यावंसं वाटतं, त्याच्या मागे बहुधा एखादा कायदा, एखादं आंदोलन, एखादी जुनी जखम असते. पर्यटक म्हणून फिरताना ती दिसत नाही. ती दिसते रोजच्या कंटाळवाण्या दिनक्रमात: कोण पाव आणतं, कोण टेबल मांडतं, खिडक्या कधी मिटतात, ऑगस्टमध्ये सगळे कुठे जातात. विद्यार्थ्यांना हॉटेलात किंवा वसतिगृहात न ठेवता घराघरांत ठेवावं, असं ज्यांनी ठरवलं त्यांना नेमकं हेच हवं होतं.

घरापर्यंतच्या वाटा

अशा घरात पोहोचण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली एएफएस किंवा रोटरी यांसारख्या संस्थांची. या संस्था भारतातही काम करतात आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांना त्या परिचित आहेत. इथे यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. खोली, जेवण आणि वेळ ते स्वखुशीने देतात. दुसरी वाट भाषावर्गांची: सकाळी वर्ग, दुपारनंतर घर, आणि कुटुंबाला आठवड्याच्या हिशेबाने ठरावीक रक्कम. तिसरी वाट युरोपात सर्वाधिक रुळलेली. दोन देशांतल्या दोन शाळा आपापल्या मुलांच्या जोड्या लावतात. एक मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन राहतं आणि काही महिन्यांनी दुसरं मूल पहिल्याच्या घरी येतं. या तिसऱ्या प्रकारात पाहुणचाराची फेड ठरलेलीच असते, त्यामुळे दोन्ही घरं जरा सांभाळून वागतात.

कागदपत्रांची बाजूही बरंच काही सांगून जाते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. खासगी घरी उतरायचं असेल, तर यजमानाला आपल्या गावच्या नगरपालिकेत, म्हणजे ‘मेरी’त जाऊन पाहुण्याला ठेवून घेत असल्याचा दाखला काढावा लागतो. त्यासाठी घर किती मोठं आहे, उत्पन्न किती आहे याचे पुरावे द्यायचे आणि ३० युरोंचा मुद्रांक लावायचा. आपल्याकडे पाहुणा येतो आणि गाद्या घातल्या जातात. तिथे पाहुण्याच्या झोपायच्या जागेची चौकशी सरकारही करतं.

बंद दारं आणि फ्रिज

समजा, अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली पुण्याची एक मुलगी अशा घरी पोहोचली. तिला घर दाखवलं जाईल, पण सगळं नाही. तिची खोली, न्हाणीघर, संडास (हा बहुतेक घरांत वेगळ्या दाराआड असतो), बैठकीची खोली आणि बाग. बाकीची दारं लोटलेली असतात. ही दारं तिच्यासाठी बंद केलेली नसतात, ती एरवीही बंदच असतात.

रेमोंद कारोल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली फ्रेंच आणि अमेरिकन लोकांच्या दैनंदिन वागण्यातल्या गैरसमजांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला घराबद्दलचा भाग अदलाबदलीच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडावा असा आहे. अमेरिकन यजमान पाहुण्याला सगळं घर फिरवून दाखवतो आणि फ्रिजमधून हवं ते घे म्हणतो. फ्रेंच घरात पाहुणा कुठवर येऊ शकतो यावरून त्याची जवळीक कळते. फक्त ओळख असेल तर तो बैठकीच्या खोलीत थांबतो. नातं वाढतं तसं एकेक दार उघडतं. स्वयंपाकघर फार उशिरा येतं आणि न विचारता फ्रिज उघडणं हा घरच्या माणसांचाच हक्क.

आपल्या मुलीची इथे दुहेरी पंचाईत होते. एकीकडे तिला दारं लोटलेली दिसतात आणि आपण नकोसे झालो की काय असं वाटतं. दुसरीकडे तिला आग्रहाची सवय असते. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे संभाषणाची सुरुवात असते. वाढणारा आणखी दोनदा विचारणार, मग आपण ‘बरं, अर्धी’ म्हणणार. फ्रेंच टेबलावर एकदा ‘नको’ म्हटलं की भांडं पुढच्या माणसाकडे जातं आणि परत येत नाही. यात तुटकपणा नाही. तुला काय हवं ते तुला कळतं आणि तू ते सांगशील, असा त्यामागचा विश्वास आहे. दोन दिवस अर्धपोटी राहिल्यावर मुलं ‘हो, आणखी थोडं’ म्हणायला शिकतात.

संबोधनांचंही तसंच. काका, काकू, मावशी असं कुणी नसतं. यजमान बहुतेक वेळा आपलं पहिलं नाव सांगतात आणि त्याच नावाने हाक मारायला सांगतात. पन्नाशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना मराठी मुलीची जीभ अडखळते. मात्र घराबाहेर हाच समाज शिष्टाचाराला काटेकोर असतो. पाववाल्याच्या दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात पाऊल टाकताना आधी ‘बाँजूर’ म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. ते न म्हणता थेट ‘दोन क्रोसाँ द्या’ म्हणणाऱ्याला क्रोसाँ मिळतात, पण थंडपणे. गालाला गाल लावून अभिवादन करायची पद्धत प्रांताप्रांतात बदलते: कुठे दोनदा, कुठे तीनदा, कुठे चारदा. कोविडनंतर ती थोडी सैलही झाली आहे. यात पुढाकार यजमानांवर सोडला की अवघडलेपण टळतं.

टेबलाचे नियम

सकाळची न्याहारी साधी असते. कॉफी किंवा चॉकलेटचं दूध बिनकानाच्या मोठ्या वाडग्यात, आणि त्यात बुडवायला लोणी-मुरंबा लावलेला पाव. पाव ताटलीत नसतो, थेट टेबलावर असतो. तो उपडा ठेवला तर घरातली आजी चटकन सरळ करते, कारण उपडा पाव अपशकुनी मानतात. बॅगेट, म्हणजे लांबुडका पाव, रोज ताजा लागतो आणि तो आणायला बहुधा घरातल्या मुलांना पिटाळलं जातं. पाहुण्या मुलीला मिळणारं पहिलं काम बऱ्याचदा हेच.

या पावामागेही कायदा आहे. १९९३च्या सरकारी आदेशाप्रमाणे ‘फ्रेंच परंपरेचा पाव’ या नावाने विकायच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच प्रामुख्याने असावं लागतं. त्यात कृत्रिम पदार्थ घालता येत नाहीत आणि तो गोठवताही येत नाही. १९९८च्या कायद्यानुसार जिथे पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतचं काम त्याच ठिकाणी होतं, त्याच दुकानाला ‘बुलांजरी’ ही पाटी लावता येते. कारखान्यातून गोठवलेले गोळे आणून नुसते भाजणाऱ्यांनी लहान दुकानांचा धंदा बसवू नये म्हणून ही तजवीज. २०२२ साली बॅगेट बनवण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ‘फ्रेंचांचं साग्रसंगीत भोजन’ २०१० पासून तिथे होतंच.

ते साग्रसंगीत भोजन सणासमारंभाचं. पण त्याची चौकट रोजच्या साध्या जेवणातही टिकून असते. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, मग हिरवी पानं, मग चीज, शेवटी गोड किंवा फळ. सगळं एकदम ताटात येत नाही. ताट वाढून झालं की सगळ्या चवी समोर हव्यात, ही आपली सवय. तिथे एकेक पदार्थ येतो, संपतो, त्यावर बोलणं होतं, मग पुढचा. म्हणूनच पहिल्या पदार्थावर पोट भरून घेतलेल्या पाहुण्याची पुढे त्रेधा उडते. फ्रेंच माणूस दिवसाचे सरासरी दोन तासांहून अधिक खाण्यापिण्यात घालवतो आणि विकसित देशांच्या तुलनेत तो या बाबतीत वरच्या क्रमांकावर आहे. मधल्या वेळी मात्र फारसं खाल्लं जात नाही. अपवाद मुलांच्या चार-साडेचारच्या खाण्याचा.

काही नियम तर्काने समजतात. हात मांडीवर न ठेवता मनगटापर्यंत टेबलावर दिसायला हवेत. चीज कापताना त्रिकोणाचं टोक आपण घ्यायचं नाही. आतला भाग मऊ आणि चवदार, कडेचा कडक. टोक एकट्याने घेतलं तर बाकीच्यांच्या वाट्याला नुसती साल येते. प्रत्येकाने उभी चीर कापली की सगळ्यांना दोन्ही भाग मिळतात. सॅलडची पानं सुरीने न कापता घडी घालून खायची. पूर्वी व्हिनेगरने सुऱ्यांची पाती काळी पडत, त्या काळाची ही सवय, असं सांगितलं जातं. स्टेनलेस स्टील आलं, सवय उरली.

शाकाहारी मुलांसाठी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. मांस न खाणं म्हणजे नेमकं काय, याची कल्पना सगळ्या घरांत सारखी नसते. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सहज येतात आणि मासे हे मांसात न धरणारे लोकही भेटतात. त्याहून अडचणीची बाब चीजची. काँते, रोकफोर, नॉर्मंडीचा कामांबेर अशा मानांकित चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी निघण्याआधी पत्रातच स्पष्ट कळवावं, टेबलावर बसल्यावर नाही. चालणारे पदार्थही कमी नाहीत: दक्षिणेतली रातातुई, दूध-मलईत भाजलेले बटाट्याचे काप, ब्रिटनीतली कुट्टूच्या पिठाची धिरडी, प्युईच्या बारीक हिरव्या मसुरा. शिवाय २०१९ पासून फ्रेंच शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एक जेवण शाकाहारी देणं बंधनकारक झालं. त्यामुळे निदान मुलांना तरी शाकाहारी पाहुणीचं नवल वाटत नाही.

जेवण झालं की ताटं उचलायची. यजमान बाई तोंडाने ‘राहू दे’ म्हणाल्या तरी घरातली मुलं उठतात, पाहुणीनेही उठावं. टेबल मांडणं आणि आवरणं ही कामं घरातल्या मुलांची आहेत. ती करायला मिळाली की स्वयंपाकघराचं दार उघडलं असं समजावं. ‘फ्रिजमधून लोणी काढ ग’ असं कुणी सहज म्हणालं, की बढती पक्की.

ऑगस्ट

फ्रेंच शाळांना उन्हाळी सुट्टी जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, जवळजवळ आठ आठवडे असते. हिवाळ्याच्या आणि वसंतातल्या सुट्ट्या देशाचे तीन विभाग करून पुढेमागे दिल्या जातात. उन्हाळ्याची सुट्टी मात्र सगळ्यांना एकाच वेळी. मुलांच्या दप्तरातून ‘सुट्टीची वही’ निघते. १९३३ साली मान्यार या प्रकाशकाने ती बाजारात आणली आणि आजही दर उन्हाळ्यात पालक ती विकत घेतात. मुलं ती किती भरतात हा वेगळा प्रश्न.

मोठ्यांच्या सुट्टीची कथा त्याहून मोठी आहे. १९३६च्या मे-जूनमध्ये फ्रान्समध्ये प्रचंड संप झाले. कामगारांनी कारखान्यांत ठिय्या दिला. लेओं ब्लूम यांचं आघाडी सरकार नुकतंच निवडून आलं होतं. त्याने जूनमध्ये कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. रेल्वेने सवलतीची तिकिटं काढली आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता असे लाखो लोक त्या उन्हाळ्यात बाहेर पडले. पुढे १९५६ मध्ये रजा तीन आठवड्यांची झाली, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच. तेव्हापासून सुट्टी ही चैन राहिली नाही, ती हक्कात मोडू लागली. पुण्याच्या मुलीला यजमान काका तीन आठवडे ऑफिसचा फोनही उचलत नाहीत याचं आश्चर्य वाटतं. त्यांच्या आजोबांनी त्यासाठी कारखान्यात मुक्काम ठोकला असण्याची शक्यता बरीच आहे.

सुट्टी घेणाऱ्यांचेही दोन पंथ आहेत. जुलैवाले आणि ऑगस्टवाले. जुलैवाले परत येतात आणि ऑगस्टवाले निघतात त्या शनिवार-रविवारी महामार्गांची जी अवस्था होते, ती गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा रस्त्यावर अडकलेल्या चाकरमान्याला समजावून सांगायला नको. २ ऑगस्ट १९७५ रोजी देशभरात मिळून ६०० किलोमीटर लांबीच्या रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी सरकारने ‘बिझाँ फुते’ म्हणजे ‘चतुर गवा’ नावाची वाहतूक-अंदाज सेवा सुरू केली. ती दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे रंग देते. काळ्या शनिवारी पहाटे चारला निघायचं की रविवारपर्यंत थांबायचं, यावर यजमान घरात होणारी चर्चा ही ऐकण्यासाठीची उत्तम तालीम आहे. सगळे एकदम बोलतात आणि संदर्भ नकाशावर असतो.

सगळे जातात कुठे? पुष्कळसे समुद्रावर, कॅम्पिंगच्या तंबूंत, आणि फार मोठ्या संख्येने आजी-आजोबांच्या गावच्या घरी. फ्रान्समधल्या एकूण घरांपैकी सुमारे एक दशांश घरं ही ‘दुसरी घरं’ आहेत, फक्त सुट्टीत उघडणारी. तिथे उन्हाळ्याचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. दुपारभर टीव्हीवर तूर द फ्राँस. १९०३ पासून चालत आलेली ही सायकल शर्यत तीन आठवडे चालते आणि कुणी जिंकण्याइतकंच हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या किल्ल्यांसाठी आणि शेतांसाठी पाहिली जाते. १४ जुलैला गावात आतषबाजी आणि अग्निशामक दलाच्या आवारात नाच. संध्याकाळी अंगणात पेताँक, म्हणजे लाकडाच्या छोट्या गोळीजवळ आपला लोखंडी गोळा नेण्याचा खेळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सेयजवळच्या ला सिओता गावात तो आजच्या स्वरूपात आला. धावायचं नाही, दोन्ही पाय एका जागी ठेवूनच टाकायचं, असा नियम असल्यामुळे सत्तरीचे आजोबा आणि परदेशी पाहुणी एकाच पातळीवर खेळू शकतात.

घरं उन्हाळ्यात आतून अंधारी असतात. सकाळी दहा-अकरालाच बाहेरची लाकडी झडपं मिटून घेतात आणि रात्री हवा गार झाली की सगळं सताड उघडतात. जाड दगडी भिंती आणि मिटलेली झडपं एवढ्यावर घर गार राहतं. वातानुकूलन यंत्रं घरांत फारशी नसतात.

ऑगस्टच्या या सामूहिक रजेची किंमतही फ्रान्सने मोजली आहे. २००३च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उष्णतेची भयंकर लाट आली आणि सुमारे १५ हजार माणसं दगावली. बहुतेक वृद्ध, त्यांतले अनेक शहरांतल्या घरांत एकटे राहणारे. मुलं-नातवंडं सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, दवाखान्यांत माणसं कमी, मंत्रीही सुट्टीवर. काही मृतदेह घ्यायला कुणी आलं नाही. देशाला मोठा धक्का बसला. २००४ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी राष्ट्रीय आराखडा आला. एकट्या वृद्धांची नावनिशी नगरपालिकांनी ठेवायची आणि लाट आली की फोन करायचे, असं ठरलं. त्याच वर्षीच्या कायद्याने कामगारांनी वर्षातला एक दिवस जादा वेतनाविना काम करून वृद्ध आणि अपंगांच्या निधीला हातभार लावायचा असंही ठरलं. पाव मिळण्याचीही अशीच व्यवस्था करावी लागली होती. पॅरिसमधल्या पाववाल्यांनी एकदम दुकानं बंद करू नयेत म्हणून अर्ध्यांनी जुलैत आणि अर्ध्यांनी ऑगस्टमध्ये सुट्टी घ्यायची, हा क्रांतिकाळातल्या धान्यटंचाईपर्यंत मागे जाणारा दंडक २०१५च्या उन्हाळ्यात सुटला.

वाद म्हणजे भांडण नाही

मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यात मुलं बहुधा गप्प असतात. पुस्तकातली फ्रेंच आणि जेवणाच्या टेबलावरची फ्रेंच यांत अंतर असतं. शब्दांची टोकं गळतात, नकाराचा अर्धा भाग कुणी उच्चारत नाही, तरुण मुलं शब्दातली अक्षरं उलटी फिरवून बोलतात. पण थोडं कळायला लागलं की नवा धक्का बसतो. हे लोक सतत भांडतात! पेन्शनवरून, अणुविजेवरून, नव्या सिनेमावरून, टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवावेत की नाही यावरून. एकमेकांचं वाक्य तोडतात, आवाज चढवतात आणि पाच मिनिटांनी हसत कॉफी ओततात.

यामागे शाळा आहे. नेपोलियनच्या काळात, १८०८ साली सुरू झालेल्या बाकालोरेआ या शालान्त परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. बहुसंख्य विद्यार्थ्यांना तो द्यावा लागतो. जूनमध्ये त्याचे प्रश्न बातम्यांत झळकतात आणि घरोघर मोठी माणसंही त्यांची उत्तरं शोधत बसतात. उत्तराची पद्धत ठरलेली: एक बाजू मांडा, तिच्याविरुद्ध तितक्याच ताकदीने दुसरी मांडा, मग दोन्ही ओलांडून पुढे जा. ज्या मुलांना वर्षभर स्वतःचं मत खोडून काढायचा सराव करावा लागतो, त्यांना दुसऱ्याने आपलं मत खोडलं तर अपमान वाटत नाही. कारोल यांच्या निरीक्षणानुसार फ्रेंच संभाषणात मध्येच बोलणं हे लक्ष असल्याचं लक्षण असतं. सगळं शांतपणे ऐकून घेणारा माणूस कंटाळलेला वाटू शकतो. भारताबद्दल विचारलेल्या प्रश्नाला पाहुण्या मुलीने ‘हो’ म्हणून सुटका करून घेतली, तर सभ्यता पाळली असं तिला वाटतं आणि यजमानांना मात्र दार तोंडावर लोटलं गेल्यासारखं वाटतं.

शेजाऱ्याच्या मुलाला घरी ठेवणं

मुलांची अशी देवाणघेवाण सुचली कुणाला? एकाच कुणाला नाही. १९२०च्या दशकात नीस शहरातल्या रोटरी क्लबने युरोपातल्या इतर देशांतल्या मुलांशी अशी अदलाबदल सुरू केली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालक होते. त्यांच्या संघटनेचं नाव अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केलं आणि मग १९४७ पासून त्या संघटनेने शाळकरी मुलांना परदेशी घरांत ठेवण्याचं काम हाती घेतलं. आजची एएफएस ती हीच. ज्यांनी मुलांचे छिन्नविच्छिन्न देह वाहून नेले होते त्यांनी, पुढची मुलं एकमेकांच्या घरी जेवली तर बरं, असा विचार केला.

सर्वांत मोठा प्रयोग मात्र फ्रान्स आणि जर्मनीचा. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत हे दोन शेजारी तीन मोठी युद्धं लढले. १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग या दोन गावांनी जुळ्या गावांचा करार केला, दोन देशांमधला असा पहिला. सप्टेंबर १९६२ मध्ये याच लुडविग्सबुर्गमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेत भाषण केलं. २२ जानेवारी १९६३ रोजी जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर आणि द गॉल यांनी मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांच्या पैशांवर चालणारी युवक-विनिमय संस्था उभी राहिली. तेव्हापासून ९० लाखांहून अधिक तरुणांनी तिच्या कार्यक्रमांत भाग घेतला आहे. ज्या घरातल्या आजोबांना जर्मन सैनिकांनी पकडून नेलं होतं, त्याच घरात जर्मन मुलगा पंधरा दिवस राहायला येऊ लागला. २००६ मध्ये तर दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचं सामाईक पाठ्यपुस्तक निघालं.

नुसती भेट झाली म्हणून पूर्वग्रह गळून पडत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये याच्या अटी मांडल्या: दोन्ही बाजूंचा दर्जा भेटीपुरता तरी समान हवा, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकत्र काम करावं लागावं आणि या सगळ्याला संस्थेचा किंवा समाजाचा पाठिंबा हवा. पर्यटक आणि हॉटेलचा नोकर यांच्यात यातलं बहुतेक काहीच नसतं. एक पैसे देतो, दुसरा सेवा करतो. घरात मात्र ताटं दोघांनाच आवरायची असतात, काळ्या शनिवारच्या रांगेत दोघंही एकाच गाडीत घामाघूम झालेली असतात आणि पेताँकमध्ये दोघं एकाच गटात असतात. म्हणूनच चांगल्या संस्था मुलाला पाहुणा म्हणून वागवू नका असं यजमानांना बजावून सांगतात. जमलंच नाही, तर घर बदलून द्यायला स्थानिक स्वयंसेवक नेमलेला असतो आणि त्याची मदत घेण्यात कुणाचाच पराभव नसतो.

अदलाबदल पूर्ण होते ती दुसरी फेरी झाल्यावर, फ्रेंच मुलगी पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला आल्यावर. आपली घरं पाहुणचारात कुठे कमी पडत नाहीत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. तिच्यासाठी बिसलेरीच्या बाटल्या येतात, काटे-चमचे निघतात, तिला वेरूळ-अजिंठा दाखवलं जातं, सगळे नातेवाईक जेवायला बोलावतात आणि ती ताट उचलायला उठली तर तिला हाताला धरून खाली बसवतात. महिनाभर तिचे लाड होतात आणि महिन्याच्या शेवटी तिला मराठी घर कसं चालतं याची कल्पना नसते. लेणी जरूर दाखवावीत. पण तिला कोथिंबीर निवडायला बसवावं, गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगावं, आमरसाच्या पातेल्यावरून मुलांची भांडणं होतात त्यात तिलाही पडू द्यावं. आणि दूध उतू गेलंच, तर आपल्या मुलीला जितकं बोलतो तितकंच तिलाही बोलावं. भाषेच्या परीक्षेतल्या गुणांपेक्षा, तिकडे असो की इकडे, मुक्काम जमल्याची ही खूण जास्त खरी.